आळंदला कुणी सांगितलं?

हुमनाबाद
सोमवार, २२ एप्रिल २०२४

अक्का,

शरणार्थी, नमस्कार. तू फोन उचलत न्हाईस. मंगळवारपासून मी एकवीस वेळा लावला. कालपासून तर वाजत पण न्हाई, म्हणजे माझा नंबर तू ब्लॉक केलायस, न्हाईतर अंजूनं तुझ्या हातातून फोन घेऊन केलाय. म्हणून पोस्टानं लिहायले. पाकिटावर तुझं नाव टाकलंय, ईरण्णा दाजींचं न्हाई. तुझ्याआधी दुसऱ्या कुणी फोडलं असंल तर मला कळव.

अंजूचा मेसेज आला तो एवढाच: "मावशी, आळंदवाल्यांनी लग्न मोडलं. तुमी लिहिलेलं वाचून." मी विचारलं, कोण वाचलं, कुणी दाखवलं, कधी. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर न्हाई. तुझी पोरगी बी.एस्सी. झाली, पण विचारलेल्याला उत्तर द्यायचं शिकली न्हाई.

आता मी तुला शांतपणानं विचारते. आळंदला कुणी सांगितलं?

कारण माझ्या गोष्टीत तुझं नाव न्हाई. आपल्या खजुरीचं न्हाई, तुमच्या निंबर्ग्याचं पण न्हाई. त्यातली बाई सावित्रा हाय, ती औरादकडची हाय, तिला दोन भाऊ हायत. आपल्याला एक पण न्हाई. एकोणीस वर्षांची पोरगी घरात न सांगता निघून जाते, तीन महिन्यांनी बाप जाऊन तिला परत आणतो आणि महिन्याच्या आत लग्न लावून देतो. असं या पट्ट्यात काय एकाच घरात घडलंय? हे वाचून कुणाला तू आठवलीस, तर त्याला आधीच काहीतरी म्हाईत असणार. आणि म्हाईत असणारे किती? अप्पा गेले, अव्वा गेली. राहिली खजुरीतली चार म्हातारी माणसं. निंबर्ग्यात तर सगळ्यांना एवढंच ठाऊक की लग्नाआधी तू तीन महिने उदगीरला मावशीकडं होतीस.

तवा कुणीतरी बोट दाखवलंय. तोच आपला माणूस शोधायचा.

दाजींना माझा ब्लॉग म्हणजे पेपर वाटतो, असं अंजू म्हणायची. पेपर न्हाई. मी ह्यांच्या टायरच्या दुकानात काउंटरवर बसून लिहिते, आणि ज्यानं आपला मेलचा पत्ता देऊन नाव नोंदवलंय त्यालाच ते गुरुवारी सकाळी सहाला जातं. पहिल्या वर्षी सदतीस नावं होती, त्यातली नऊ आमच्याच घरातली. आज दोन हजार तीनशे चौदा हायत. लातूर, सोलापूर, पुणे. एक बाई दुबईची. ते आपोआप झालं न्हाई. मी एक गुरुवार चुकवला न्हाई, ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तो गुरुवार पण न्हाई. जो उत्तर लिहितो त्याला मी नावानं उत्तर देते. कुणाची म्हैस कधी व्याली ते मला म्हाईत असतं. एवढ्या जीवाभावाचे वाचक कुणाचं वाईट करायचे न्हाईत. आणि आळंदला तर माझा वाचकच न्हाई.

माझा संशय काशप्पावर हाय. तुझा दीर म्हणून तू त्याला पाठीशी घालशील. पण अंजूच्या साखरपुड्यात त्याला पुढच्या ओळीत बसवलं न्हाई म्हणून तो जेवायच्या आधी उठून गेला, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. तो राग त्यानं आता काढला असणार.

तुझा कुणावर संशय असंल त्याचं नाव लिहून पाठव. बाकी काय लिहिलं न्हाईस तरी चालंल.

तुझी
रत्ना


हुमनाबाद
सोमवार, ६ मे २०२४

अक्का,

दोन आठवडे झाले. हुमनाबादहून निंबर्ग्याला पत्र पोचायला चार दिवस धर, पाच धर. तुझ्या हातात पडलं न्हाई असं मला वाटायलंय. अंजू घरात असते, पोस्टमन दुपारी येतो, त्या वेळी तू झोपतेस. बाकी तूच जोड. हे पत्र रजिस्टर करायले. तुझी सही घेतल्याशिवाय ते देणार न्हाईत.

शनिवारी बसस्टँडवर काशप्पा भेटला. कलबुर्गीच्या बसला थांबला होता. मी सरळ जाऊन उभारले.

"काशप्पा, आळंदला तुमी सांगितलात ना?"

"काय सांगितलो?"

"अक्काचं. उदगीरचं."

त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. बटणाचा. "रत्नाक्का, ह्याच्यात तुमची गोष्ट कुठं दिसायलीय ते दाखवा मला. वैनीचं असं काय हाय हे मला लग्न मोडल्यावर कळालं. आमच्या घरात कुणालाच म्हाईत नव्हतं." मग म्हणाला, "तीन आठवडे झाले, वैनी गिरणीला पण जाईना. दळण मी न्यायलोय. तुमी कुणी सांगितलं ते शोधत फिरायलाव, आन् हिकडं ती कुणाला तोंड दाखवंना."

बोलताना त्याचा डोळा हलला न्हाई. खोटं बोलत असंल असं वाटलं न्हाई मला. पण दळण न्यायच्या निमित्तानं तो तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो, हे ध्यानात ठेव.

तू घराबाहेर निघत न्हाईस हे मला त्याच्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं.

आता दुसरी गोष्ट. गोष्टीचा तिसरा भाग मी २१ मार्चला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कुणीतरी नाव न देता लिहिलं: "असं झालं नव्हतं." बस्स, तीन शब्द. दोन तासांत मी ते काढून टाकलं. तरी शंभर-दोनशे जणांनी वाचलंच असणार.

ते तू लिहिलंस का? खरं सांग. अंजूच्या फोनवरून लिहिलंस? गोष्टीत सगळं जसंच्या तसं नसतं, अक्का. तुला तिसऱ्या भागाचा राग आला असंल तर माझी बाजू पण ऐक. पहिल्या दोन भागांत मी फक्त लिहिलं की पोरगी निघून गेली. एकशे चाळीस उत्तरं आली, त्यातल्या शंभरावर जणांनी एकच विचारलं होतं: कुणाबरोबर गेली? कलबुर्गीच्या एका बाईनं लिहिलं, ताई, भाजीत मीठ टाकायचं विसरायलेय, सांगा की एकदाचं. तीन वर्षं मी भाकरीवर लिहिलं, शिवेवरच्या शब्दांवर लिहिलं, कानडीतून मराठीत आलेल्या शिव्यांवर लिहिलं, तवा दहा-बारा उत्तरं यायची. आणि आता एवढी माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, एवढा तरी विचार कर.

जाऊ दे. आधी कुणी सांगितलं ते कळू दे, मग ह्याचं बोलू.

रत्ना


हुमनाबाद
सोमवार, २० मे २०२४

अक्का,

रजिस्टरची पोच आली. सही तुझीच हाय, महानंदातल्या म वर तू देतेस ती रेघ हाय. म्हणजे पत्रं तुला मिळायलीत आणि तू वाचून गप बसायलीस. ते माझ्या ध्यानात आलं.

ते तीन शब्द तू लिहिले न्हाईस. तू "असं झालं न्हाई" म्हणली असतीस. एवढं शुद्ध, "नव्हतं" असं लिहिणारा खजुरीत एकच माणूस हाय: रेवणसिद्धप्पा मास्तर. माझे ते अगदी सुरुवातीचे वाचक, बारावं नाव त्यांचं. दर गुरुवारी माझ्या चुका लाल शाईत काढल्यासारख्या लिहून पाठवतात. चार वर्षांत मी त्यांना कधी घरी जाऊन भेटले न्हाई. काल गेले.

मास्तर ओसरीवर पेरणीच्या शेंगा फोडत बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. मला आवाजावरून वळखले. बस म्हणाले. मी बसले न्हाई.

"मास्तर, ते तुमी लिहिलात?"

"व्हय."

"कामून?"

"खोटं होतं म्हणून."

"तुमाला काय म्हाईत खरं काय होतं ते?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "उदगीरच्या त्या नर्सिंगचा फॉर्म मी भरलो. सही महानंदाची, अक्षर माझं. तिची मार्कलिस्ट शाळेतून मी काढून दिलो. तुझा बाप पाठवणार न्हाई हे आम्हा दोघांना म्हाईत होतं. तिथं ती हॉस्टेलात होती, पंचवीस पोरी, एक मेट्रन. महिन्याला एक पत्र यायचं मला, शाळेच्या पत्त्यावर. इंजेक्शन द्यायला शिकले म्हणून लिहिली होती." मग म्हणाले, "बसस्टँडपर्यंत तिची पिशवी कोण धरून गेलं, ते पण लिहिली होती."

अक्का, पिशवी मी धरली होती. मी अकरा वर्षांची होते. तू मला सांगितलं होतंस की उदगीरला नर्सबाई व्हायला जायलीस, आणि अप्पांनी मारलं तरी सांगायचं न्हाई. मी सांगितलं न्हाई. त्या वेळी न्हाई.

तरी मी मास्तरांवरच घसरले. म्हटलं, "मग आळंदला तुमीच सांगितलं असणार. तुमच्याशिवाय एवढं कुणाला म्हाईत हाय?"

म्हातारा चिडला न्हाई. "मला हितं चावडीवर कोण विचारत न्हाई, आळंदला कोण विचारायलंय? तुझ्याजवळ यादी हाय ना? दर गुरुवारी लिहितीस, 'माझा एक एक वाचक मला नावानं म्हाईत हाय' म्हणून. मग यादी उघड की. मला कामून विचारायलीस?"

परतीच्या बसमध्ये मी यादी उघडली. कोण कोणत्या तारखेला नोंदवला ते त्यात दिसतं. ११ फेब्रुवारी, रविवार. एका दिवसात चौसष्ट नावं. एकोणचाळिसावं नाव: नागम्मा, आळंद.

वीरेशची आई. अंजूची होणारी सासू.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की आळंदला माझा वाचक न्हाई. लिहिताना आठवलं न्हाई, असं आता म्हणणार होते. पण आठवत होतं. ११ फेब्रुवारीला अंजूचा साखरपुडा होता. बायकांना द्यायच्या ब्लाऊजपीसच्या पिशव्या भरायचं काम तू मला दिलं होतंस. प्रत्येक पिशवीत मी एक कार्ड टाकलं. बीदरहून छापून आणली होती: "दर गुरुवारी एक गोष्ट. घरबसल्या. फुकट." खाली तो चौकोनी काळा कोड. तुला विचारलं न्हाई, कारण तू नको म्हणली असतीस. नागम्माबाई म्हणाल्या, मला हे फोनचं जमत न्हाई. मीच त्यांचा फोन हातात घेतला, त्यांचं नाव घातलं, पहिली गोष्ट उघडून दाखवली. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या घरचं सगळं आमाला वाचायला मिळंल." सगळ्याजणी हसल्या. तू पण हसलीस, पाटावरचे पेढे उचलत होतीस.

त्या दिवशी हजार पार झाले. अंजूच्या साखरपुड्याचा एक पण फोटो माझ्या फोनमध्ये न्हाई. त्या आकड्याचा हाय.

काशप्पाला मी भर स्टँडवर चोर ठरवलं. भेटला तर माफी मागीन. तू सांगू नको, मी मागीन.

रत्ना


हुमनाबाद
सोमवार, ३ जून २०२४

अक्का,

हे पत्र मी तीन वेळा फाडून लिहायले.

माणूस नव्हता. तिसऱ्या भागातला तो मल्लिनाथ, कापडाच्या गाडीचा ड्रायव्हर, कुरळ्या केसांचा, सावित्रासाठी लातूरहून काचेच्या बांगड्या आणणारा, तो मी घातला. तू कुणाबरोबर गेली न्हाईस हे मला जन्मभर म्हाईत होतं. खजुरीतली माणसं त्या वेळी तेच कुजबुजायची: पोरगी उगंच जाईल का, कुणीतरी असंल. मी लहानपणी त्यांच्यावर दगड घेऊन धावले होते. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तेच लिहून दीड हजार माणसांना पाठवलं. तो भाग गेल्यावर आठ दिवसांत सातशे नावं वाढली.

आतापर्यंतच्या तीन पत्रांत मी हे कुठं लिहिलं न्हाई, बघ. कुणी सांगितलं, कुणी सांगितलं, एवढंच विचारत राहिले. काय सांगितलं ते मी तुला विचारू दिलं न्हाई.

सत्तावीस तारखेला मी आळंदला गेले. एकटीच. ह्यांना सांगितलं न्हाई.

नागम्माबाईंनी पाणी दिलं, चहा विचारला न्हाई. वीरेश आतल्या दारात उभा होता. मी बसल्या बसल्या सांगितलं की गोष्टीतला माणूस खोटा हाय, माझी बहीण नर्सिंग शिकायला गेली होती, फॉर्म भरणारे मास्तर जिवंत हायत, विचारून घ्या.

नागम्माबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय. साखरपुड्यात बांगड्या चढवताना मी बघितलो. तुमच्या गोष्टीतल्या बाईला पण तसाच. गुळाच्या काहिलीत हात गेलता म्हणून लिहिलात. तो डाग खरा ना?"

"खरा."

"उदगीर खरं?"

"खरं."

"बापानं आणलं, महिन्यात लग्न लावलं, ते?"

"ते पण खरं."

"मग तेवढा माणूसच खोटा कामून आसंल?"

 त्या पुढं म्हणाल्या, "तवा खोटं लिहिलात का आता खोटं बोलायलाव, हे मी कशावरून वळखू? मोडलेलं जोडायला आलाव तुमी. जोडायला आलेला माणूस काय पण बोलतो. दोन हजार लोकांना एक सांगितलात, मला एकटीला घरात येऊन दुसरं सांगायलाव. त्यांना पण सांगा. मग बघू."

 चप्पल घालताना मी वीरेशकडं बघितलं, तर तो फोनमध्ये काहीतरी बघत होता.

३० मेच्या गुरुवारी गोष्ट पाठवली न्हाई. चार ओळी पाठवल्या. "सावित्राच्या गोष्टीत मल्लिनाथ नावाचा माणूस नव्हता. ती एकटी गेली, शिकायला गेली. माणूस मी वाचक वाढावेत म्हणून घातला. त्यामुळं एका खऱ्या बाईचं नुकसान झालं." खाली माझं पूर्ण नाव. तुझं न्हाई.

संध्याकाळपर्यंत सहाशे अकरा जण निघून गेले. निघाले ते निघाले. जाताना लिहून गेले. फसवलंत. आता तुमची भाकरीची गोष्ट तरी खरी का. लातूरच्या एकानं लिहिलं, आम्हाला मल्लिनाथ आवडला होता, तुम्ही काय पण म्हणा, पुढचा भाग लिहा. दुबईच्या बाईनं एकच ओळ लिहिली, "मग ती परत आल्यावर तिचं शिक्षण?" तिला मी अजून उत्तर दिलं न्हाई.

शनिवारी नागम्माबाईंचा फोन आला. वाचलं म्हणाल्या. वीरेशची तयारी हाय, पुन्हा बसू म्हणाल्या. मी दुकानात नाचायची बाकी होते. अंजूला लगेच मेसेज केला. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा फोन आला.

"मावशी, तुमाला आळंदला कोण जायला सांगितलं?"

"तुझ्यासाठीच गेले ग."

"मला विचारलात का? गोष्ट लिहिताना आईला विचारलं न्हाई. कार्डं वाटताना विचारलं न्हाई. आता जोडताना मला विचारलं न्हाई." रडत नव्हती. "वीरेशनं माझ्या आईला एक फोन करून विचारलं असतं, मामी, हे खरं हाय का, तर बास होतं मला. न्हाई विचारला. मोबाइलवर आलं ते वाचून मोडला, मोबाइलवर आलं ते वाचून जोडायलाय. उद्या माझ्याबद्दल कुणी काय पाठवलं तर? मी न्हाई म्हणून कळवलेय त्यांना. कलबुर्गीला लॅबमध्ये नोकरी लागलीय, पुढच्या एक तारखेपासून जायलेय."

मी विचारलं, आई काय म्हणाली? ती म्हणाली, "तुमी तिला विचारा." आणि ठेवला.

म्हणून विचारायले. तू काय म्हणालीस?

रत्ना


हुमनाबाद
मंगळवार, १८ जून २०२४

अक्का,

परवा तू येऊन गेलीस. तू जे बोललीस ते मी खाली लिहायले. ह्या वेळी माझा एक शब्द पण त्यात घालायचा न्हाई असं ठरवलंय. कुठं चुकलं असंल तर तिथं खूण करून कागद परत पाठव.

मी काउंटरवर होते. हे एका लॉरीवाल्याशी बोलत होते. तू कधी आत आलीस कळालं न्हाई. नव्या टायरच्या थप्पीवर बसलीस, पदरानं तोंड पुसलंस. मी खुर्ची पुढं केली, तू घेतली न्हाईस. तू एकटी आलीस म्हणून मी बाहेर डोकावून बघितलं. दाजी न्हाईत, काशप्पा न्हाई. मला वाटलं, काहीतरी ठरवून आलीय.

तू म्हणालीस, "काशप्पाला फोन केलीस म्हणं."

मी म्हटलं, "माफी मागितली."

"सांगितला तो."

 लॉरी गेली. हे पुढच्या खोलीत गेले, मुद्दाम गेले असतील.

"त्याचं नाव काय ठेवलीस?" तू विचारलंस.

"कुणाचं?"

"मी ज्याच्याबरोबर पळून गेले, त्याचं."

"अक्का..."

"सांग की. अंजूनं वाचून दाखवायला सुरू केली, मी मधीच थांबवले. नाव आईकायच्या आधी."

"मल्लिनाथ."

"दिसायला कसा?"

मला वाटलं तू मारणार. मी खाली बघून सांगितलं. उंच, कुरळे केस, निळा शर्ट, हसला की गालाला खळी पडायची. तू ऐकून घेतलंस. तुझ्या तोंडावर हसू आलं, मला वाटतं. मी नीट बघितलं न्हाई, तवा ते लिहिलेलं खोडलं तरी चालंल.

"बरा होता की," तू म्हणालीस. "तीन महिने तिथं मेट्रननं खिडकीला पण उभारू दिली न्हाई आमाला."

मी पण हसले. तिथं माझं चुकलं. तू हसायची थांबलीस.

"रत्नी, गावातल्या लोकांना माझा कधी राग आला न्हाई. त्यांना काय म्हाईत होतं? अप्पाला तरी कुठं म्हाईत होतं, तो त्या मेट्रनच्या पाया पडला, माझ्या पोरीला कोण फूस लावला सांगा म्हणून. ती म्हणाली, कोण न्हाई हो, पोरगी हुशार हाय, राहू द्या. अप्पाला पटलं न्हाई. बसमध्ये खजुरीपर्यंत विचारत आला, कोण हाय तो. मी सांगत आले, कोण न्हाई, मी माझी गेले. सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. हे घरात पण मला कधी म्हणता आलं न्हाई, की मी माझी गेले. मावशीकडं होते असं म्हणत आले. सगळ्या जगात तीन माणसांना म्हाईत होतं. मला, मास्तरला आन् तुला."

तू मग माझ्याकडं बघितलंस.

"लग्न मोडल्याचं मला काय वाटलं न्हाई. पोरगी सुटली. माझ्या गिरणीला न जाण्याचं पण सोड, जाईन उद्यापासून. पण मी आयुष्यात एकच काम माझ्या मनानं केले. ते तू माझ्याकडून काढून घेऊन एका डायवरला दिलीस. कामून ग?"

मी चहा सांगते म्हणाले. तू म्हणालीस, नको, चारची बस हाय. ह्यांना हाक मारून नमस्कार केलास आणि गेलीस. बसस्टँडपर्यंत येऊ का विचारलं, तर हातानं न्हाई म्हणून सांगितलंस. मी दुकानाच्या पायरीवर उभारून बघत राहिले. ट्रक आडवा आला, आणि नंतर तू दिसली न्हाईस.

दोन दिवस मी उत्तर शोधायले. वाचकांनी विचारलं म्हणून, हे उत्तर मी स्वतःला देऊन बघितलं. खरं न्हाई. त्यांनी विचारलं तवा मी खरं सांगू शकत होते: कुणाबरोबर न्हाई, एकटी गेली, इंजेक्शन द्यायला शिकायला गेली. ते वाक्य मी लिहिलं होतं. मार्चमध्ये, इथंच काउंटरवर. मग ते परत वाचलं आणि पुसलं.

पुसलं, कारण एक पोरगी नुसती आपल्या मनानं एकटी निघून गेली, एवढ्यावर कोण थांबून वाचंल, असं मला वाटलं. तुझ्यावर अख्ख्या गावानं जो संशय घेतला तो मी पण घेतला, अक्का. पिशवी धरून तुझ्याबरोबर चालत गेले असताना.

रत्ना